‘ट्रॉली दिसलीच नाही’: ऊस हंगामातल्या रात्रीच्या अपघातांत डोळे नेमके कुठे फसतात?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या बातम्यांचे विषय ठरलेले असतात. एफआरपी किती, पहिली उचल किती, आंदोलन कुठवर आलं, तोडणी टोळ्या आल्या की नाही. या मोठ्या बातम्यांच्या खाली, आतल्या पानावर, चार ओळींची एक बातमीही हंगामभर येत राहते: ‘उसाच्या ट्रॉलीला दुचाकीची मागून धडक’. गाव बदलतं, रस्ता बदलतो, बाकी मजकूर तोच.

त्या बातमीत किंवा पोलिसांच्या फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य असतं: ‘हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून’. वाचलेल्या चालकाला विचारलं तर तो वेगळंच सांगतो: ‘ट्रॉली दिसलीच नाही’. ऐकणाऱ्याला ही पळवाट वाटते. एवढी मोठी, उसानं भरलेली ट्रॉली दिसत नाही म्हणजे काय?

पण माणसाची नजर आणि लक्ष कसं चालतं, यावर मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास वर्षांत जे काम केलंय, ते पाहिलं तर ‘दिसलीच नाही’ हे अनेकदा अक्षरशः खरं असू शकतं. आणि ते खरं असेल, तर हे अपघात थांबवण्याचा उपाय फक्त ‘सावकाश जा’ या पाटीत सापडणार नाही. तो ट्रॉलीच्या मागच्या बाजूलाही शोधावा लागेल.

हंगामात रस्त्यावर नेमकं काय बदलतं?

कोल्हापूर हा दाट कारखान्यांचा जिल्हा. वारणानगरचा वारणा, शिरोळचा दत्त, हुपरीचा जवाहर, कुडित्रेचा कुंभी-कासारी, परितेचा भोगावती, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, कागलचा शाहू. राजाराम कारखाना तर कसबा बावड्यात, म्हणजे शहरातच. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत या सगळ्यांकडे रात्रंदिवस ऊस येत असतो. ट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या एक किंवा दोन ट्रॉल्या, बैलगाड्या, सगळं एकाच रस्त्यावर.

भरलेला ट्रॅक्टर चढाला बैलगाडीच्या वेगानं चालतो. त्याच रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगानं दुचाकी आणि त्याहून जोरात मोटारी असतात. ट्रॉलीच्या मागे ऊस बाहेर आलेला असतो, त्यामुळे मागच्या फाळक्यावर रिफ्लेक्टर असला तरी तो झाकला जातो. ट्रॅक्टरचे स्वतःचे मागचे दिवे ट्रॉलीच्या आड जातात. ट्रॉलीला दिव्याची वायर जोडलेली असेलच असं नाही. टायर फुटला किंवा एक्सल तुटला की ट्रॉली जागेवरच उभी राहते आणि मागे खूण म्हणून झाडाची फांदी आणि चार दगड ठेवले जातात. दिवसा ती फांदी कामाची असते. रात्री ती ट्रॉलीइतकीच काळी असते.

रस्ता दिसतो, मग ट्रॉली का दिसत नाही?

या प्रश्नाचं सर्वांत उपयोगी उत्तर हर्शेल लिबोविट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं दिलं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दृष्टीवर संशोधन करणाऱ्या लिबोविट्झ यांनी आल्फ्रेड ओवेन्स यांच्याबरोबर १९७७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रात्रीच्या अपघातांवर एक छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं.

आपली नजर एकच काम करत नाही, दोन करते. एक काम म्हणजे वस्तू ओळखणं: समोर काय आहे, अक्षर कोणतं, चेहरा कोणाचा. दुसरं काम म्हणजे वाट धरणं: आपण कुठे आहोत, कोणत्या दिशेला चाललोय, रस्त्याची कड कुठे आहे. मोबाइलमध्ये डोकं घालून चालणारा माणूस दुसऱ्या कामाच्या जोरावरच जिना उतरतो. त्याचं ‘ओळखणारं’ लक्ष पडद्यावर असतं, पण ‘वाट धरणारी’ नजर डोळ्यांच्या कडेनं आपलं काम करत असते.

अंधार पडला की ही दोन्ही कामं सारखी बिघडत नाहीत. वस्तू ओळखण्याची क्षमता झपाट्यानं खाली येते, वाट धरण्याची मात्र जवळपास तशीच राहते. म्हणजे रात्री गाडी सरळ चालते, वळण नीट घेता येतं, रस्त्याची पांढरी कड दिसते. त्यामुळे चालकाला आतून वाटतं, सगळं व्यवस्थित दिसतंय. वेग कमी करावा असं सांगणारी कुठलीच खूण त्याला मिळत नाही. जी क्षमता गेलीय, ती गेल्याचं त्याला कळतच नाही, कारण एरवी रस्त्यात ओळखण्यासारखं अचानक काही येतच नाही.

आणि मग एके रात्री येतं.

पुढे १९९६ मध्ये ओवेन्स आणि मायकेल सिवाक यांनी अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक जीवघेण्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. त्यांनी पहाटेची आणि संध्याकाळची संधिप्रकाशाची वेळ निवडली. घड्याळाची वेळ तीच, पण ऋतूनुसार कधी उजेड, कधी अंधार. उजेड कमी झाला की जीवघेणे अपघात वाढत होते, आणि पादचारी व सायकलस्वार यांच्या बाबतीत ही वाढ इतर अपघातांपेक्षा कितीतरी मोठी होती. चालक दारू प्यायलेला असो वा नसो, हे चित्र बदलत नव्हतं. जे कमी दिसतात, अंधार त्यांनाच जास्त मारतो.

भारतातही संध्याकाळची वेळ वाईटच आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत देशातले साधारण एक पंचमांश अपघात झाले. यात गर्दीचाही वाटा आहे, पण हिवाळ्यात, म्हणजे ऐन हंगामात, या वेळेला पूर्ण अंधार असतो.

दिसली तरी ‘जवळ आली’ हे उशिरा का कळतं?

समजा, ट्रॉली दिसली. तरी धोका संपत नाही. पुढचं वाहन किती वेगानं जवळ येतंय, हे मेंदू मुख्यतः एका खुणेवरून ठरवतो: त्याची प्रतिमा डोळ्यात किती वेगानं मोठी होतेय. ही खूण फसवी आहे, आणि त्यामागे साधं गणित आहे.

दुचाकी ताशी ६० किलोमीटरनं, ट्रॅक्टर ताशी १५ नं चाललाय. दोघांमधलं अंतर ताशी ४५ च्या वेगानं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटरनं कमी होतंय. अंतर १०० मीटर असताना ट्रॉली डोळ्यात जेवढी दिसते, त्याच्या दुप्पट ती ५० मीटरवर दिसेल. त्याला ४ सेकंद लागतात. पुन्हा दुप्पट व्हायला, म्हणजे २५ मीटरवर यायला, २ सेकंद. पुन्हा दुप्पट व्हायला फक्त १ सेकंद. आणि त्यानंतर उरतो एकच सेकंद.

म्हणजे पहिल्या ४ सेकंदांत फारसं काही घडल्यासारखं वाटत नाही आणि शेवटच्या दोन सेकंदांत ट्रॉली अंगावर धावून आल्यासारखी वाटते. ट्रॉली बंद पडून उभी असेल तर हा सगळा हिशोब आणखी आखडतो. अंधारात ट्रॉलीची पूर्ण आकृती दिसतच नसेल, तर मोठं होताना बघायला काहीच नसतं. आणि दोनपैकी एकच दिवा चालू असेल तर? एक लाल ठिपका म्हणजे पुढे चाललेली दुचाकी, असा मेंदूचा साधा समज होतो. दुचाकी आपल्याच वेगानं चाललीय असं गृहीत धरलं जातं.

थांबायला किती जागा लागते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार ताशी ६० च्या वेगाला थांबण्यासाठी समोरचं ८० मीटर आणि ताशी ८० ला १२० मीटर दिसायला हवं. त्यात चालकाला भानावर येऊन ब्रेक दाबायला अडीच सेकंद धरलेले आहेत. डिपरवर चालणाऱ्या दुचाकीच्या उजेडात मातकट रंगाची, बिनदिव्याची ट्रॉली यापेक्षा बरीच जवळ आल्यावर दिसते. समोरून कोणी अप्पर लावून आलं की तेवढंही दिसत नाही.

डोळे उघडे असूनही लक्षात का येत नाही?

तिसरी अडचण लक्षाची. १९९९ साली हार्वर्डमध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्री यांनी केलेला प्रयोग आता समाजमाध्यमांवरही बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. काही जण चेंडू एकमेकांकडे टाकतायत, पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी तो किती वेळा टाकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत जाते, छाती बडवते. मोजण्यात गुंतलेल्या साधारण निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही.

तिथे अंधार नव्हता, अंतर नव्हतं, चष्म्याचा प्रश्न नव्हता. प्रतिमा डोळ्यात पोहोचली होती, पण लक्ष दुसरीकडे असल्यामुळे जाणिवेत आली नाही. या प्रयोगाचा धडा ‘लोक निष्काळजी असतात’ असा नाही. उलट, दिलेलं काम मन लावून करणाऱ्यांचं असं झालं.

यूटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी हेच गाडी चालवण्याला लावून पाहिलं. फोनवर बोलत वाहन चालवण्याचा सराव करणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर थेट पडत होती, हे यंत्रानं टिपलं. तरीही नंतर विचारल्यावर ते फलक त्यांना फोनवर न बोलणाऱ्यांच्या तुलनेत खूपच कमी आठवत होते. हात मोकळे असूनही हेच झालं. म्हणजे कानात हेडफोन घालून ‘माझं लक्ष रस्त्यावरच आहे’ असं म्हणणारा खोटं बोलत नसतो. त्याचे डोळे रस्त्यावर असतात, लक्ष फोनवरच्या माणसाशी असतं.

हंगामातल्या रस्त्यावर हे सगळं एकत्र येतं. समोरच्या अप्परपासून डोळे वाचवायचेत, खड्डे चुकवायचेत, कडेनं चाललेली बैलगाडी सांभाळायचीय. चालकाचं लक्ष कामात असतं. फक्त समोर उभी असलेली काळी ट्रॉली त्या कामाच्या यादीत नसते.

मग ‘लक्ष देऊन चालवा’ सांगून उपयोग आहे का?

आहे, पण मर्यादित. वेग हा चालकाच्या हातातला भाग आहे आणि तो सोडता येत नाही. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच रात्रीचा वेग असावा. फोन बंद ठेवावा. हेडलाइटची काच पुसावी. हे सगळं बरोबरच आहे.

पण लिबोविट्झ यांचा मुद्दा इथेच बोचतो. ज्याला आतून सगळं ठीक दिसतंय असं वाटतं, त्याला ‘नीट बघ’ सांगून काय होणार? तो त्याच्या समजुतीप्रमाणे नीटच बघत असतो. म्हणून ज्याला दिसायचंय, त्यालाच ठळक करणं हा जास्त भरवशाचा उपाय ठरतो.

आपल्याकडच्या आकडेवारीत मात्र ही बाजू उमटत नाही. २०२२ च्या केंद्रीय अहवालात देशातल्या १ लाख ६८ हजार ४९१ रस्ते मृत्यूंची नोंद आहे. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजार २२४ जण गेले. मागून धडक हा अपघाताचा सर्वांत मोठा प्रकार, एकूण अपघातांच्या साधारण एक पंचमांश. मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. कारण म्हणून सर्वाधिक अपघातांपुढे ‘अतिवेग’ लिहिलेलं आहे. पुढच्या वाहनाला दिवा होता का, रिफ्लेक्टर होता का, तो उसाखाली झाकला होता का, याचा हिशोब त्या कारणात येत नाही. ‘अतिवेग’ लिहिलं की प्रकरण मागून येणाऱ्यावर मिटतं. तो अनेकदा उत्तर द्यायला जिवंत नसतो.

रिफ्लेक्टरच्या पट्टीनं खरंच फरक पडतो का?

याचं उत्तर मोजलेलं आहे. अमेरिकेत डिसेंबर १९९३ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रेलरना मागे आणि बाजूला प्रकाश परावर्तित करणारी पट्टी सक्तीची झाली. २००१ साली तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनानं फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांतले सुमारे ११ हजार अपघात तपासून निष्कर्ष काढला. अंधारात ट्रेलरच्या बाजूला किंवा मागे धडकण्याचे अपघात पट्टीमुळे २९ टक्क्यांनी कमी झाले. रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात ही घट ४१ टक्के होती.

त्याच अभ्यासातला एक आकडा कोल्हापूरच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा आहे. पट्टी स्वच्छ असेल तर मागून धडकण्याचे अपघात ५३ टक्क्यांनी कमी झाले. पट्टी मळलेली असेल तर फक्त २७ टक्क्यांनी. फायदा निम्म्यावर आला, तो फक्त चिखलामुळे.

उसाची ट्रॉली फडातून निघते. चिखल, धूळ, पाचट तिच्या अंगावरच असतं. हंगामाच्या तोंडावर आरटीओ, पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर बसवण्याचे कार्यक्रम घेतात, फोटो येतात. तो दिवस चांगलाच असतो. पण हंगाम पाच महिन्यांचा, आणि पहिल्या आठवड्यातच त्या पट्टीवर मातीचा थर बसतो.

पट्टी कुठे लावली यालाही अर्थ आहे. एखादा लाल गोल ठिपका ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. ट्रॉलीची रुंदी आणि उंची दाखवणारी, चारही कडांनी फिरलेली पट्टी ‘हे मोठं, रुंद वाहन आहे’ हे सांगते आणि जवळ येताना ते मोठं होताना दिसतं. वर पाहिलेलं दुप्पट होण्याचं गणित मेंदूला करता येण्यासाठी आकृती दिसावी लागते.

चालणाऱ्या माणसांचं काय?

बंद पडलेल्या ट्रॉलीभोवती माणसं असतात. जॅक लावणारा चालक, मदतीला आलेले तोडणी मजूर, पहाटे फडाकडे चाललेल्या बायका. त्यांना समोरच्या गाडीचा दिवा लख्ख दिसतो, म्हणून आपणही त्या गाडीला तसेच दिसत असू, असं वाटतं. अंधारात पादचारी स्वतःच्या दिसण्याचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त धरतात, हे १९७० पासूनच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळलंय.

२००५ साली ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि रिचर्ड टिरेल यांच्या गटानं बंद रस्त्यावर ही चाचणी घेतली. सर्वांत कठीण स्थितीत, म्हणजे काळे कपडे, डिपर आणि समोरून प्रखर झोत असताना, चालकांना फक्त ५ टक्के पादचारी ओळखता आले. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा हलणाऱ्या सांध्यांवर परावर्तक पट्ट्या लावल्या आणि समोरचा झोत नसला, तेव्हा सगळेच्या सगळे ओळखले गेले. पट्टीइतकंच महत्त्व तिच्या जागेला आहे. माणसाच्या चालण्याची लय मेंदू चटकन ओळखतो. स्वीडनमधल्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्येच दाखवलं होतं की, अंधारात फक्त सांध्यांवरचे ठिपके हलताना दिसले तरी ‘माणूस चालतोय’ हे क्षणात कळतं.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०४ रिफ्लेक्टरबद्दल आहे. पुढे पांढरा, बाजूला पिवळा, मागे लाल असा परावर्तक पट्ट्यांचा क्रम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ नुसार इतरांना धोका होईल अशा ठिकाणी वाहन सोडून ठेवता येत नाही.

‘दिसलीच नाही’ हे म्हणणं न्यायालयानंही ऐकून घेतलेलं आहे. रस्त्याच्या मधोमध दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरला रात्री एक कार धडकली होती. समोरून येणाऱ्या वाहनांच्या झोतामुळे टँकर दिसला नाही, अशी साक्ष होती. उच्च न्यायालयानं कारचालकाचीही निम्मी चूक धरली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निष्कर्ष रद्द केला आणि कारचालकावर चूक टाकता येणार नाही असं म्हटलं. अर्थात हे त्या प्रकरणापुरतं; प्रत्येक अपघातात वेग, उजेड, पुरावे वेगळे असतात.

कोल्हापुरात काय करता येण्यासारखं आहे?

रस्त्यावरचं प्रत्येक वाहन पोलिसांनी तपासावं, ही अपेक्षा अवास्तव आहे. पण ऊस वाहतुकीची एक सोय आहे: प्रत्येक वाहन शेवटी एकाच ठिकाणी येतं, कारखान्याच्या वजनकाट्यावर. तिथे वाहनाचा नंबर, ऊसमालकाचं नाव, वजन, सगळं नोंदलं जातं. त्याच नोंदीत ‘मागचे दोन्ही दिवे चालू, पट्टी स्वच्छ’ एवढी एक ओळ वाढवता येते. रिकामी ट्रॉली गेटबाहेर पडताना ओल्या फडक्यानं पट्टी पुसायला एक मिनिट लागतो.

ऊस बाहेर आल्यामुळे फाळका झाकला जात असेल, तर पट्टी फाळक्यावर असून उपयोग नाही. उसाच्या मागून सोडता येईल असं परावर्तक कापड लागतं, आणि ते फडातच, ट्रॉली भरल्यावर बांधावं लागतं. बंद पडलेल्या ट्रॉलीसाठी परावर्तक त्रिकोण ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्येच हवा. तो ट्रॉलीला टेकवून ठेवला तर फांदीपेक्षा फार बरा नाही. थांबायला ८० ते १२० मीटर लागत असतील, तर इशाराही तेवढ्याच आधी मिळायला हवा.

खर्चाचा प्रश्न येतोच. वाहतूकदाराला पैसे टनावर मिळतात. थांबून पट्टी पुसण्याचे, कापड बांधण्याचे वेगळे कोणी देत नाही. म्हणून हे त्याच्या मर्जीवर सोडलं तर होणार नाही. वाहतुकीचा करार कारखाना करतो, बिल कारखाना काढतो. ऊस कधी तोडायचा, कोणत्या गाडीनं आणायचा, कोणत्या क्रमानं काट्यावर घ्यायचा, हे सगळं ठरवणाऱ्या यंत्रणेला ट्रॉलीच्या मागे चार पट्ट्या स्वच्छ आहेत की नाहीत, हेही ठरवता येतं.